होडी घरी ठेवून पाहिलेला किनारा

समुद्रावर जाऊन आल्याशिवाय समुद्रप्रवास लिहू नये, हे मलाही कळतं. पण तीन दिवस किनारा हिंडून नुकतीच परत आले आहे आणि या तीन दिवसांत आमची होडी ओटीवरच पालथी पडून होती. तरी जे पाहिलं ते आत्ताच लिहून ठेवते. खऱ्या मोहिमेनंतर मी फुशारक्या मारीन आणि ही फजिती सोयीस्करपणे विसरून जाईन.

आमचं गाव भिवंडीच्या बाहेर, खाडीला लागून. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, मध्ये फक्त दोन गोदामं. मी शाळेत शिकवते, वय सत्तेचाळीस. दोन वर्षांपूर्वी एक रिसॉर्ट बंद पडलं, तिथून मी जुनी कयाक आणली. ही दोन्ही टोकांना निमुळती, दोन माणसांची, प्लॅस्टिकची होडी. आमचे हे तेव्हा एवढंच म्हणाले, "वाळवणं कुठं घालणार मग?" ओटी तर होडीनंच भरून गेली होती.

पुढच्या जागेवर रुखसाना बसते. ती शेजारच्या उर्दू शाळेत शिक्षिका. निवडणुकीच्या ड्युटीला एकाच बूथवर दोन दिवस बसलो, तिथली आमची मैत्री. भिवंडीत तिचं घर कापडाच्या लूमच्या वर आहे आणि तिला खटखट थांबली की जाग येते. चाळिशी उलटल्यावर ठाण्याच्या तलावात ती पोहायला शिकली, तेही माझ्यापेक्षा सरळ. दोन वर्षं आम्ही रविवारी खाडीत वल्हवतो आहोत. आता मोठा बेत होता: आमच्या धक्क्यावरून खाडीनं वसई, तिथून समुद्रानं अर्नाळा, वैतरणेचं मुख ओलांडून दातिवरे आणि शेवटी केळवे. चार दिवस, तीन मुक्काम. रमजान लागायच्या आत हे व्हायला हवं, म्हणजे हातात जेमतेम दीड महिना होता.

होडी दोघींची आहे, एकटीनं ती समुद्रात हाकता येत नाही. रुखसाना नाही म्हणाली तर सगळं तिथंच संपलं. पण ती नाही म्हणेल अशी मला शंकासुद्धा नव्हती. मी वहीत वेळापत्रक केलं, ते तिनं उघडून पाहिलं नाही. "तू बोलली चलो, तर मी चलो," म्हणाली. मला तेव्हा हे ऐकून फार बरं वाटलं होतं.

बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बेत सांगितला. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि तरुणपणी पेंढ्यानं भरलेल्या होड्या वसईच्या बंदरात न्यायचे. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त विचारलं, "चालून आलीस का?"

"कुठं चालून?"

"वाटंनं. आमच्या टायमाला नवीन वाट धरायची तं आदी ओहोटीला पायी जायाचं. पानी भरल्यावर दर्या सगलीकडं सारकाच दिसतंय. सुकला का मंग कलतं, खडप कुटं हाय, गाल कुटं हाय."

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक आणि गाळात तर आमचं बालपण गेलेलं. आम्ही दोघींनी एकेक रजा काढली, शनिवार-रविवार जोडला आणि स्कूटरवर बसलो. त्या दिवशी संकष्टी होती, म्हणजे चतुर्थी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी भानगड तिथीचीच आहे.

अर्नाळा

भरतीची वेळ काढायची आमच्या घरची रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची आणि वर दीड तास घालायचा. चतुर्थीची पाऊणपट तीन, वर दीड, म्हणजे साडेचारला भरती. त्याच्या सहा तास आधी, साडेदहाला, पूर्ण ओहोटी. हे मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. मोबाईलवर भरतीच्या वेळा मिळतात, पण त्या आमच्या धक्क्याशी कधीच जुळत नाहीत. म्हणून मी मोबाईललाच खोटं ठरवून टाकलं होतं.

आगाशीत थांबून मी उपासाला सुकेळी घेतली. वसईकडची ही वाळवलेली केळी, केळीच्याच पानात बांधलेली, गोड आणि चिवट. रुखसानानं एक चाखून लगेच अर्धा किलो आणखी घ्यायला लावली. होडीवर भूक लागली की एका हातानं खाता येईल, हा तिचा हिशेब. आमच्या वहीत ती पहिली नोंद झाली. वहीत माझे रकाने होते उतरायची जागा, गोडं पाणी, सावली. रुखसानानं त्यात दोन वाढवले, 'बाथरूम' आणि 'कपडे बदलायला आडोसा'. किनाऱ्यावर हिंडताना कळलं की बायकांची मोहीम खरं तर या दोन रकान्यांवर चालते.

बरोबर साडेदहाला आम्ही अर्नाळ्याच्या वाळूत उतरलो. बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांडी दूरपर्यंत उभ्या होत्या आणि उपासाच्या दिवशी तो वास भूक चाळवत होता. समोर बेटावर किल्ला. मी पायजमा वर खोचला, बॅग आणि चपला एका खडकावर ठेवल्या आणि रुखसानाला रुबाबात सांगितलं, "आता पाणी सगळ्यात खाली आहे. तासभर तरी इथंच राहील. चल, तळ बघू."

दहा मिनिटं वही घेऊन चाललो असू. मागून कोणीतरी ओरडलं. वळून बघते तर बॅगेचा खडक चारी बाजूंनी पाण्यात आणि माझी डावी चप्पल किल्ल्याच्या दिशेनं निघालेली. रुखसाना धावली, तिनं बॅग वाचवली. चप्पल गेली.

ओरडणारी कोळीण बोंबील उलटत होती. हिराबाई तिचं नाव, साठीची, कपाळावर मोठं कुंकू, हातभर बांगड्या. ती कमरेवर हात ठेवून हसत होती.

"पानी भरतंय, आनि तुमी त्याच्यात काय शोधताव गो?"

"ओहोटी आहे ना आत्ता? साडेदहाला?"

"नवाला झाली ओहोटी. कुनी सांगलं साडेधा?"

मी आमची रीत सांगितली. पाऊणपट म्हटल्यावर तिनं मान डोलावली. 'वर दीड तास' ऐकल्यावर तिचं हसू थांबलं.

"तू खारीची ना? भिवंडीकरची?"

"हो." खारी म्हणजे आमची खाडी, एवढं मला कळलं.

"ते दीड तास तुझ्या खारीचे. हितनं पानी तुझ्या गावाला पोचाला येल लागतंय, तवरा. हितं दर्या दारात हाय, हितं नुसती पाऊनपट. वर काय न्हाय."

मी तिथं वाळूत बसले. किती सोपं होतं! भरती समुद्रातून निघते आणि खाडीच्या वळणावळणांनी आमच्या धक्क्याला उशिरा पोचते. ही गोष्ट मी पोरांना भूगोलात शिकवू शकले असते. पण घरची रीत म्हणून मी ती कधी सोडवूनच बघितली नव्हती. माझ्या वहीतल्या वसईपुढच्या सगळ्या वेळा दीड तास चुकलेल्या होत्या.

रुखसानाला पहिल्यांदा हसूच आलं. "चप्पल गई ना सिर्फ? जाने दे."

हिराबाईनं मात्र पुढचा प्रश्न विचारला. "वैतरना कवा पार करनार होतं तुमी?"

वैतरणेचं मुख हीच आमच्या वाटेतली एकमेव खरी भीती. नदी तिथं समुद्राला मिळते, पात्र रुंद आहे. भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं की त्या अर्ध्या तासात पार व्हायचं, असं मी ठरवलं होतं. म्हणजे आजच्यासारखी तिथी असती तर साडेचारला.

"साडेचारला हितंच ये," हिराबाई म्हणाली. "नि बघ."

तोवर तिनं आम्हाला घरी नेलं. रुखसानाला तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण मिळालं, मला दूध आणि उकडलेलं रताळं. आमच्याकडे संकष्टीला चुलीवर मासळी चढतच नाही. हिराबाईचाही उपास होता, तरी ती शांतपणे कालवण ढवळत होती. "देवाचा उपास माझा हाय, घराचा न्हाय," म्हणाली.

साडेचारला आम्ही वाळूच्या उत्तर टोकाला उभ्या राहिलो. लांबून पाणी शांतच वाटलं. मग एक बांबू दिसला, कुठल्या तरी जाळ्याचा सुटलेला. तो नदीच्या बाजूनं आला, आमच्या समोरून गेला आणि भर समुद्राकडे निघाला. धावणारा माणूस जातो त्या वेगानं. मागून थर्माकोलचा एक तुकडा गेला, मग झावळ्या. पाणी दीड तासापूर्वीच फिरलं होतं आणि अख्खी नदी बाहेर ओतली जात होती. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे आमची होडी नेमकी या वेळी तिच्या मध्यावर असती.

मी रुखसानाकडे बघितलं. ती बांबू दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मग ती वळली आणि वलांडींच्या बाजूनं चालू लागली.

मी मागून गेले. म्हटलं, "रुखसाना, माझं चुकलं. आपण वसईपर्यंतच जाऊ. किंवा जाऊच नको."

"आज नको बोलू," ती म्हणाली. "आज मैं गुस्सा हूँ."

"माझ्यावर?"

"पता नहीं. तुझ्यावर पण. माझ्यावर जास्ती."

मुक्काम हिराबाईकडेच पडला. चंद्रोदयाला मी तिच्या अंगणात ताट घेऊन उभी होते. झाडीआड चंद्र काही दिसेना. रुखसाना आतून आली, एकदा आकाशाकडे बघितलं आणि बोट दाखवलं. "वो रहा. चाँद ढूँढना हमारा काम है." राग होता, पण मला उपाशी ठेवण्याइतका नव्हता.

दातिवरे

सकाळी उठले तर रुखसाना पायरीवर माझी वही घेऊन बसलेली. वेळापत्रकाचं पान तिनं आज पहिल्यांदा उघडलं होतं. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन, शाळेत पेपर तपासते तशी.

"ये बता, काल तुझी चौथ होती?"

"हो. चतुर्थी."

"आमच्या चाँदची अठारह होती. किचनमध्ये कॅलेंडर आहे, मी रोज बघते. आमचा महिना चाँद दिसल्यावर सुरू, तुझा अमावस्येनंतर लगेच. म्हणजे एक दिन का फर्क. अठारह और एक उन्नीस. पूनम के पंद्रह घटाओ. चार." तिनं माझ्याकडे बघितलं. "चौथ. चाराची पाऊणपट तीन. हिराबाई बोलली तेच."

मी आ वासून बघत राहिले. आमचं पंचांग वेगळं, त्यांचं वेगळं, सण कधी जुळत नाहीत म्हणून भिवंडीत आम्ही एकमेकींना शुभेच्छा द्यायलाही तारखा विचारतो. पण चंद्र एकच आणि पाणी त्याच्याच मागे जाणार.

"आजची बघ," ती म्हणाली. "चाँद की उन्नीस. पाच. पावणेचारला भरती, पावणेदहाला ओहोटी. तू तुझ्या पंचांगानं काढ. मला दाखवू नको, आधी लिही."

मी पंचमीची पाऊणपट केली. पावणेचार. दोन्ही आकडे शेजारी लिहिले, तेव्हा ती पहिल्यांदा जरा हसली.

पावणेदहाला आम्ही पुन्हा त्याच टोकाला गेलो आणि बाबांचं म्हणणं तेव्हा कळलं. काल जिथं नुसतं सपाट पाणी होतं तिथं आज वाळूची लांबच लांब पाठ वर आलेली. तिच्या अलीकडे उथळ, पलीकडे गडद पट्टा, तोच खोल प्रवाह. किल्ल्याच्या बाजूला खडपांची रांग, भरतीत ज्यांचा मागमूसही नसतो. आम्ही वाळूवर बसून सगळं कागदावर काढलं. माझं चित्र कधीच धड नव्हतं, रुखसानानं ते खोडून पुन्हा काढलं.

दुपारी हिराबाईच्या भाच्याची मच्छीमार होडी दातिवऱ्याला जायची होती. त्यानं आम्हाला साडेतीनला घेतलं. मी मध्यावर त्याला इंजिन बंद करायला लावलं. त्याला वाटलं मला उलटी होणार. पण मला बघायचं होतं. होडी जागच्या जागी डोलत राहिली, ना आत ना बाहेर. कालच्या बांबूला पळवणारी नदी हीच, यावर विश्वास बसेना. पंचवीस मिनिटांनी होडीचं टोक हळूच समुद्राकडे वळायला लागलं.

"अब चालू हुआ," रुखसाना घड्याळ बघत म्हणाली. "म्हणजे पंचवीस मिनिटं. आपल्याला पार करायला किती लागतील?"

"चाळीस."

"तर मग पानी रुकायच्या पंधरा मिनिटं आधी निघायचं. वो भी लिख."

मी लिहिलं. 'आपल्याला' हा शब्द मी ऐकला होता, पण विचारायचं धाडस झालं नाही.

दातिवऱ्याला किनाऱ्यालगतच्या एका घरात जागा मिळाली. घरातल्या काकूंनी चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण केलं. माझा उपास संपलेला असल्यामुळे मी आदल्या दिवशीचंही भरून काढलं. रुखसानानं सगळ्यात आधी बाथरूमची कडी लागते का ते पाहिलं आणि रकान्यात बरोबरची खूण केली. सकाळी तिचे डोळे सुजलेले होते. "इतनी शांती में कोई कैसे सोता है?" असं तिनं काकूंनाच विचारलं. लूमची खटखट नसली की तिला झोपच लागत नाही.

केळवे

केळव्याबद्दल थोडकं सांगते, कारण तिथं काही बिघडलं नाही. षष्ठी होती, त्यांच्या चाँदची वीस. दोघींनी आपापली वेळ काढली, साडेदहाला ओहोटी. दातिवऱ्याहून रिक्षानं तिथं पोचून घड्याळ बघितलं आणि वाळूत काठी रोवून बसलो. पाणी साडेदहापर्यंत खाली गेलं, थोडं थांबलं, मग काठीकडे यायला लागलं. रुखसानानं मला जोरात टाळी दिली. सुरूच्या बनात बसलेलं एक कुटुंब आमच्याकडे वळून बघायला लागलं.

किनाऱ्यामागे पानवेलींचे मळे आहेत. आत गेलं की हिरवा काळोख आणि गारवा. एका मळेवाल्या आजोबांनी आमची चौकशी केली. होडीनं येणार म्हटल्यावर ते म्हणाले, "बायका? दोघीच? भिवंडीहून?" तिन्ही प्रश्नांना हो म्हटलं. मग त्यांनी विहीर दाखवली, पंपाची खोली दाखवली आणि म्हणाले, "होडी इथपर्यंत ओढून आणायला माणसं मी देतो." पाणी, सावली, आडोसा, तिन्ही रकाने एका जागी भरले. निघताना त्यांनी रुखसानाच्या हातात पानांची चवड ठेवली. तिच्या सासूला पान लागतं, ती खूश झाली.

परतीचं सांगत बसत नाही. अर्नाळ्याहून स्कूटर घेतली, हिराबाईनं सुक्या बोंबलांची जुडी कोंबली आणि कामणच्या रस्त्यानं धूळ खात घरी आलो.

घरी

बाबा आमच्या ओटीवर येऊन बसले होते, पालथ्या होडीला टेकून. मी वाटेत ठरवत होते की त्यांना किती सांगायचं. त्यांची रीत चुकीची निघाली हे त्या वयात ऐकवावं का? पण रुखसानानं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, बांबूसकट.

बाबांनी विचारलं, "म्हंजी वसईला पानी आदी येतंय?"

"हो बाबा. वसईला जवळजवळ पाऊणपटीलाच."

"तीस वरसं," ते म्हणाले, "तीस वरसं मी वसईच्या बंदरात पोचाचं नि पानी निंगून गेलेलं असाचं. पेंढा चिखलातनं डोक्यावर वाहिला. मी त्या पान्याला काय काय शिव्या दिल्या. तं चूक माझी व्हती?" आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. माझेही भरून आले. आमच्या घरातलं कोणीच वसईच्या पुढे गेलं नव्हतं, म्हणून आमचं गणित कधी चुकीचं ठरलंच नव्हतं. हे मला त्यांच्या हसण्यातून कळलं.

"खारीत माझी रीत चालंल," ते सावरून म्हणाले. "वसईम्होरं त्या कोलनीची. नि उधानात जाव नको. भांगात जा, पान्याला जोर कमी असतंय."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. रुखसानानं वही मांडीवर घेतली. पुढच्या महिन्यात वद्य सप्तमीला पहाटे धक्क्यावरून निघालो तर नवमीला वैतरणा. मी पंचांग उघडलं, तिनं मोबाईलमध्ये काढलेला किचनच्या कॅलेंडरचा फोटो. दोघींनी एकमेकींकडे पाठ करून आकडे लिहिले. मी लिहिलं: नऊची पाऊणपट, पावणेसात. तिनं वही फिरवली. चाँदची तेवीस, पावणेसात, निघायचं साडेसहाला, उजाडता उजाडता. रमजानला तेव्हा जवळजवळ आठवडा राहील.

तरीही मला विचारायलाच हवं होतं. म्हटलं, "रुखसाना, चूक माझी होती. तू नाही म्हणालीस तर मला वाईट वाटणार नाही." हे खोटं होतं. मला फार वाईट वाटलं असतं.

ती उत्तर देणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची सासू. लूमच्या आवाजावर मात करायची सवय असल्यामुळे त्या फोनवरही ओरडून बोलतात, ओटीवर सगळ्यांना ऐकू येत होतं. तीन दिवस कुठं होतीस, पान आणलंस का, आणि हे समुद्राचं खूळ गेलं की नाही डोक्यातून?

"नहीं गया, अम्मी. तेईस चाँद को पार करना है."

"या अल्लाह! और ले कौन जा रहा है तुझे?"

रुखसानानं माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिल कानामागे खोचली.

"ले कोई नहीं जा रहा, अम्मी. हम दोनों जा रहे हैं."